थांब म्हणाली होती

“थांब,” अंबुजम म्हणाल्या, आणि पुढचं वाक्य येईल म्हणून पुनिता वाट बघत राहिली.

पुढचं वाक्य आलं नाही. दिव्यांच्या झोतात अंबुजमनी समोरच्या मुलीच्या हातातली कापडी पिशवी काढून घेतली, भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती मुलगी भिंतीला टेकून हळूहळू खाली बसली आणि रडायला लागली. मग मारन, पुनिताचा धाकटा भाऊ आणि या सिनेमाचा दिग्दर्शक, ‘कट’ म्हणाला, पण नेहमीसारखा ओरडून नाही. देवळात कोणी बोलावं तसा. कॅमेऱ्यामागचा माणूस शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. कोणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. पुनिता हातावर चार सुती साड्या घेऊन पत्र्याच्या भिंतीशी उभी होती. तिला वाटलं, अंबुजम वाक्य विसरल्या असाव्यात. इतकी जुनी नटी, तिला कोण सांगणार, म्हणून सगळे गप्प बसलेत. आता मारन जवळ जाईल, हळूच कानात सांगेल, आणि पुन्हा दिवे लागतील. पण मारन जवळ गेला तो वाकून त्यांच्या पाया पडला. अंबुजम म्हणाल्या, “उठ रे, मेकअपला घाम फुटला माझ्या. पंखा कुठाय?” आणि माणसं पुढच्या दृश्यासाठी सामान हलवायला लागली. खुंटीवरची पिशवी तशीच राहिली.

मद्रासमधल्या वडपळनीच्या त्या स्टुडिओत प्लायवूडचं एक घर उभं केलं होतं. ते कोविलपट्टीचं घर होतं, पुनिताचं. ते तिनंच उभं केलं, असं म्हटलं तरी चाललं असतं. टी. नगरातल्या दुकानात साड्यांच्या मागे उभं राहून पाय सुजले, तरी सुटीच्या दिवशी ती बस पकडून इथे यायची आणि सुतारांना सांगायची, चूल इकडे नाही, तिकडे. खिडकीला गज उभे होते, आडवे नव्हते. उंबऱ्याला हळद लावा, पण मधोमध पुसट, कारण तिथे पाय पडतो. सुतार हसायचे. म्हणायचे, “अक्का, हे सगळं पडद्यावर दिसत नाही.” ती म्हणायची, “मला दिसतं ना.” मारननं सुरुवातीला एवढंच सांगितलं होतं: “आपल्या घरासारख्या घराची गोष्ट आहे, अक्का. अम्माच्या साड्या तूच निवड. दुसऱ्या कुणाला जमणार नाही.” तिला ते आवडलं होतं. घरासारखं घर म्हणजे चूल, खिडकी, अम्माची विटकी साडी आणि मागच्या परसातला कडुनिंब, एवढंच तिच्या डोळ्यांपुढे आलं. त्या घरात कोण काय बोलणार, हे विचारावं असं तिला सुचलंच नव्हतं. घर उभं राहिलं की माणसं आपोआप येऊन त्यात बोलायला लागतात, आणि ती बोलायला लागली की थांबवता येत नाहीत, हे तिला आज, या पत्र्याला टेकून, कळत होतं.

कारण मारननं चित्रित केलेली ती दुपार तिची होती. तेव्हा मारन नऊ वर्षांचा होता आणि त्याला गोवर आला होता. आतल्या खोलीत पडद्यामागे त्याला कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. अप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. घराचा पुढचा अर्धा भाग अप्पांच्या धाकट्या भावाचा, चित्तप्पांचा होता, आणि मागच्या अर्ध्या भागात अम्मा त्यांच्या मर्जीनं राहत होती. पुनिता सासरहून, राजपाळयमहून, बसनं आली तेव्हा अम्मा स्वयंपाकघरात चिंचा फोडत बसली होती. पुनिता तिच्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. सासूनं रात्रभर अंगणात उभं केलं ते सांगितलं. तंगपांडीनं, म्हणजे नवऱ्यानं, काय काय केलं ते सांगितलं. पोटात आहे हेही सांगितलं. अम्मा ऐकत होती आणि चिंचेतून चिंचोके काढत होती. दोन्ही हात चिकट तपकिरी झाले होते, आणि पुनिताला सारखं वाटत होतं की हात असे नसते तर तिनं मला जवळ घेतलं असतं. सांगून संपलं. पुढच्या भागात चित्तप्पा खाकरले. अम्मानं त्या आवाजाकडे पाहिलं, मग पडद्याकडे पाहिलं, जिथे मारन कण्हत होता. पुनिता उठली. कशाला उठली ते तिलाही कळलं नव्हतं. बसवेना म्हणून उठली असेल. आणि अम्मा म्हणाली, “थांब.”

त्या शब्दानंतर अम्मानं एक श्वास घेतला. तेवढ्या श्वासापुरती पुनिता माहेरी राहिली होती. तेवढ्यात तिनं आपली पिशवी कुठे ठेवायची ते ठरवलं, मारनच्या उशाशी आपलं अंथरूण घातलं, पोटातल्याला याच घरात जन्म दिला, चित्तप्पांचे टोमणे ऐकले आणि सोसले. मग अम्मा म्हणाली, “थांब, चटणीची पूड बांधून देते. तिळाचं तेलही ने. संध्याकाळची गाडी मिळेल तुला.” आणि हात धुवायला मागे गेली. पुड्याला सुतळी बांधताना ती रडत होती, हेही खरं. गाडीपर्यंत पोचवायला आली नाही, कारण मारन तापानं फणफणला होता, हेही खरं. पोटातलं त्याच महिन्यात गेलं. राजपाळयमला पुनिता पुढे सहा वर्षं राहिली. तंगपांडीनं दुसरी आणली तेव्हाच सुटली. मग मद्रास, साडीचं दुकान, मारनचं कॉलेज, अम्माला इकडे आणणं. त्या दुपारचा विषय अम्मानं पुन्हा कधी काढला नाही, आणि पुनितानंही नाही. ती दुपार दोघींच्या मध्ये होती, एवढंच. चूल असते तशी. तिच्यावर रोज स्वयंपाक व्हायचा.

जेवणाच्या सुटीत अंबुजमनी तिला हाक मारली. त्या प्लायवूडच्या घराच्या पायरीवर पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर केळीच्या पानात दहीभात. “ये गं, बस. तूच ना त्याची अक्का? ही साडी तू दिलीस मला? छान आहे, पण टोचते.”

“पहिल्या धुण्यापर्यंत टोचते, मॅडम. मग मऊ होते.”

“पहिल्या धुण्यापर्यंत सिनेमा संपेल.” त्या हसल्या आणि लोणच्याची फोड चोखत म्हणाल्या, “एवढ्या मुली झाल्या मला पडद्यावर, सगळ्यांना एकत्र केलं तर एक वेगळा तालुका लागेल. सगळ्या माहेरी रडत येतात. आणि मी काय म्हणते माहितेय दरवेळी? म्हणते, ‘बाई गं, तेच आता तुझं घर.’ जन्मभर हे एकच वाक्य बोलून पोट भरलं मी. पहिल्यांदा तुझ्या भावानं वेगळं लिहिलं. मी त्याला म्हटलं, मारन, अशी आई असते का रे कुठे? तर म्हणतो, आमची होती.” त्यांनी पुनिताकडे पाहिलं. “होती का गं?”

पुनिता खाली बघत होती. उंबऱ्यावरची हळद मधोमध पुसट होती. सुतारांनी तिचं ऐकलं होतं. तिला एकदम अम्माची कीव आली, आणि राग आला, आणि दोन्हींपैकी कोणतं आधी आलं ते सांगता येईना. समोरच्या बाईला सांगणं सोपं होतं. परकी होती, सिनेमा संपला की जाणार होती. पण मारन तिकडे झाडाखाली उभा राहून कुणाला तरी हातवारे करून समजावत होता, आणि त्याचा चेहरा ताप उतरल्यावर व्हायचा तसा झाला होता.

“साडी बदलून देऊ का, मॅडम?” तिनं विचारलं.

“नको,” अंबुजम म्हणाल्या. त्यांची नजर तिच्यावरून हलली नाही. “टोचू दे. त्यानं रडणं बरं येतं.”

त्या संध्याकाळी मारननं तिला गाडीनं घरी सोडलं. आर्काट रोडवर गाड्या अडकल्या होत्या. ती मनात वाक्य जुळवत होती. ‘मारन, तू त्या दिवशी अर्धंच ऐकलंस.’ नाही, असं नको. ‘मारन, अम्मा पुढे आणखी काही म्हणाली होती.’ हे बरं. बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तोच म्हणाला, “तुला विचारायला हवं होतं ना, अक्का? घाबरलो. तू नको म्हणाली असतीस.”

“मी कशाला नको म्हणेन?”

“तुझं आहे म्हणून. पण माझंपण आहे ते. पडद्यामागे मी जागा होतो. सगळं नाही कळलं, पण तू रडत होतीस ते कळत होतं, आणि मला वाटत होतं, आता अक्का जाणार. मग अम्मा थांब म्हणाली. मला इतकं बरं वाटलं की लगेच झोप लागली.” तो समोरच्या बसच्या मागच्या दिव्यांकडे बघत होता. “उठलो तर तू नव्हतीस. अम्मा म्हणाली, अक्काला जायचंच होतं. पुष्कळ वर्षं मला कळायचं नाही, अम्मा थांब म्हणाली तरी तू का गेलीस. मग मोठा झाल्यावर उमजलं. घरात दोन तोंडांना पुरत नव्हतं तिथे तिसरं आणि चौथं कुठून येणार. माझ्यासाठी गेलीस तू.”

“अरे, तसं काही—”

“राहू दे, अक्का, तू कबूल करणार नाहीस मला माहितेय. सिनेमात मी तुला जाऊ देत नाही, एवढंच. नऊ वर्षांचा होतो, ताप होता, उठता येत नव्हतं. आता येतंय.” तो हसला आणि हॉर्न वाजवला. “काय बोलणार होतीस तू?”

“काही नाही. ती पिशवी,” ती म्हणाली. “आपल्याकडे पिवळी होती. तुम्ही हिरवी घेतलीत.”

“मग आधी नाही का सांगायचं! आता चित्रीकरण झालं की.”

घरी आल्यावर तिनं अम्माला रसम-भात भरवला. अम्माचे हात थरथरायचे, पण मधूनमधून ती घास नाकारून स्वतः जेवायचा हट्ट करायची, आणि मग पदरावर सांडलेलं बघून पुनितालाच रागवायची. पुनितानं सहज विचारल्यासारखं विचारलं, “अम्मा, मारनला गोवर आला होता तेव्हा मी आले होते, आठवतं?” अम्मा चावत राहिली. “गोवर? मारनला कांजिण्या आल्या होत्या.” “गोवर, अम्मा.” “मला शिकवू नकोस. आई मी आहे त्याची.” विषय तिथेच संपला. पुनिता भांडी घासताना विचार करत राहिली की हिला खरंच आठवत नाही, की आठवतं म्हणूनच कांजिण्या म्हणाली. या वयात विसरणं आणि लपवणं यांचा चेहरा एकच होतो. आणि आठवत नसेल तर ती दुपार आता जगात फक्त आपल्याच डोक्यात आहे. आपल्याला काही झालं तर ती कुठेच नसेल. किंवा असेल ती मारनच्या सिनेमात, हिरव्या पिशवीची.

सिनेमाची झलक मोबाइलवर फिरायला लागली तेव्हा तूत्तुकुडीहून चित्तीचा, म्हणजे मावशीचा, फोन आला. चित्ती फोनवरच रडत होती. “दैवानैनं, तुझ्या अम्मानं, मला त्याच आठवड्यात सांगितलं होतं गं. म्हणाली होती, पोरीला म्हटलं, थांब, मीठभात खाऊ पण एकत्र राहू. मला जसंच्या तसं आठवतंय.” “मीठभात?” पुनितानं विचारलं. “तर! मीठभात म्हणाली.” मीठभात हे त्या झलकेतलंच वाक्य होतं, पुढच्या कुठल्याशा दृश्यातलं. पुनितानं फोन ठेवला. दुकानात ती गिऱ्हाइकापुढे साड्या उलगडत होती आणि काठ दाखवताना तिचा हात मध्येच थांबत होता. ही गोष्ट तिचीच आहे हे कळल्यापासून शेजारच्या काउंटरवरच्या मुली तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायच्या. एक म्हणाली, “अक्का, नशीबवान आहात. आमच्या आईनं तर परत पाठवायला बस यायच्या आधीच रिक्षा केली होती.” सगळ्या हसल्या. पुनिताही हसली. तिला त्या मुलीच्या जवळ जाऊन बसावंसं वाटलं, नुसतं, काही न बोलता. पण गिऱ्हाईक म्हणालं, हा रंग नको, दुसरा दाखवा.

मग एक विचित्र गोष्ट घडायला लागली. तिच्या स्वतःच्या आठवणीत चिंचा होत्या, चित्तप्पांचं खाकरणं होतं, सुतळी होती. पण अम्माचा चेहरा आठवायला गेलं की अंबुजमचा चेहरा यायचा. ‘थांब’च्या पुढचा श्वास लांबत चालला होता. कधीकधी तर तो संपायचाच नाही, आणि तिला वाटायचं, कदाचित अम्मा खरंच तेवढंच म्हणाली असेल. चटणीची पूड, तेल, गाडी हे सगळं आपण नंतर रागानं जोडलं असेल. पण मग आपण गेलो का? बाई कशाला जाईल अशा ठिकाणी, कोणी थांब म्हणालं असेल तर? ती घाबरून उठायची, पाणी प्यायची, आणि मनात ती पूड पुन्हा बांधून घ्यायची, कागद, सुतळी, गाठ, सगळं नीट.

सिनेमा घरच्या लोकांना दाखवायचा होता ती रविवारची सकाळ होती. साळिग्रामममधलं छोटं थिएटर, मऊ खुर्च्या, खूप थंडावा. मारननं अम्माला उचलून पहिल्या रांगेत बसवलं. नव्या रेशमी साडीत ती फार लहान दिसत होती. चित्ती तूत्तुकुडीहून आली होती. अंबुजम आल्या आणि अम्माच्या पाया पडल्या. अम्मानं त्यांना ओळखलं नाही, तरी आशीर्वाद दिला. अंधार झाला. पडद्यावर कोविलपट्टीचं घर आलं, खिडकीचे उभे गज, चूल, परसातला कडुनिंब. पुनितानं अम्माचा हात धरला होता. तो हात आधी सैल होता. ती मुलगी दारात आली तेव्हा घट्ट झाला. अम्मा पुढे सरकून बघत होती, ओठ हलत होते. “थांब,” पडद्यावरची बाई म्हणाली, आणि तिनं पिशवी काढून घेतली, खुंटीला अडकवली. थिएटरात कुठेकुठे हुंदके फुटले. चित्ती तर ओक्साबोक्शी रडत होती. पुढे त्या मुलीला बाळ झालं. अम्मानं पडद्यावर त्याला न्हाऊ घातलं, तेल चोळलं, पायांवर आडवं घेऊन. पुनितानं ते सगळं पाहिलं. ते बाळ गोंडस होतं, कुणाचं तरी आणलेलं असणार, आणि साबण डोळ्यांत गेल्यावर खरं रडत होतं. ती वाट बघत होती की आपल्याला रडू येईल. आलं नाही. नुसतं ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं, आणि मग तेही थांबलं.

दिवे लागले. सगळे अम्माभोवती जमले. मारन तिच्या गुडघ्यांशी खाली बसला होता. “अम्मा, आवडलं?”

अम्मानं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. गर्दीला काय हवंय ते तिला समजल्यासारखं वाटलं; किंवा खरंच काहीतरी आठवलं असेल. “रडत आली होती पोर,” ती म्हणाली. आवाज स्पष्ट होता, इतक्या दिवसांत नव्हता तसा. “मग मी काय म्हणणार? म्हटलं, थांब.” कोणीतरी ‘अय्यो’ म्हणून उसासा टाकला. अम्मानं मान वळवून पुनिताकडे बघितलं. “सांग की गं यांना. म्हणाले ना मी?”

सगळे पुनिताकडे बघायला लागले. मारन खालून वर बघत होता, आणि त्याचे डोळे ओले होते. अंबुजम थोड्या मागे उभ्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. अम्माच्या नजरेत काय होतं ते पुनिता नंतर किती वेळा आठवणार होती. विनवणी होती का? दटावणी? की फक्त म्हातारपणाचं पाणी? ते बघून घ्यायला तिला एक क्षण हवा होता, आणि तो नव्हता.

“हो,” ती म्हणाली. “म्हणाली होती.”

मारननं अम्माच्या मांडीवर डोकं ठेवलं. कोणीतरी फोटो काढला. अंबुजम मागच्या मागे दाराकडे गेल्या, कुणाचाही निरोप न घेता.

परतताना मारननं त्यांना आपली गाडी आणि ड्रायव्हर दिला. त्याला वर्तमानपत्रवाल्यांशी बोलायचं होतं. अम्मा मागच्या सीटवर पुनिताच्या खांद्याला टेकून बसली होती. उन्हानं डांबर चकाकत होतं, नारळपाणीवाले छत्र्या उघडत होते. पुनिताला वाटलं अम्मा झोपली. पण अम्मा म्हणाली, “पुनिता.”

“काय, अम्मा?”

“मी थांब म्हणाले.”

“हो, अम्मा.”

“मग तू गेलीस का?”

ड्रायव्हरनं रेडिओ लावला होता. पुनिता त्याला बंद कर म्हणाली नाही. अम्माचा आवाज रडका नव्हता, उलट जरा करडा होता. शाळेतून उशिरा आलेल्या पोरीला विचारावं तसा. तिला खरंच उत्तर हवं होतं. पुनितानं आपल्याकडे काय काय आहे ते पाहिलं, म्हणजे इतकी वर्षं जपून ठेवलेलं सगळं, आणि त्यातलं या म्हातारीच्या हातात देण्यासारखं काही तिला सापडेना.

“गाडी आली होती, अम्मा,” ती म्हणाली.

“एक गाडी चुकली असती तर काय बिघडलं असतं?” अम्मा चिडून म्हणाली. “लहानपणापासून अशीच तू. कुणाचं ऐकायचं नाही. आपलंच खरं करायचं. आणि मग भोगलंस ना?”

पुनिताला हसू आलं. ती दाबायला गेली तर ते आणखी जोरात आलं. खांदे हलायला लागले, आणि खांद्याला टेकलेली अम्माही त्याबरोबर हलायला लागली. आपण काहीतरी मजेचं बोललो असं वाटून अम्माही तोंडाला पदर लावून हसू लागली, दात नसलेलं, लहान मुलासारखं. ड्रायव्हरनं आरशातून पाहिलं, आणि मायलेकी आज खुशीत आहेत असं बघून तोही हसला, आणि रेडिओचा आवाज त्यानं थोडा वाढवला.